रंभाजीरावांनी मिनी ट्रॅक्टर हस्तगत केला, त्या मसलतीची हकीकत

श्री क्षेत्रपाळाचे पायी मस्तक ठेविले असे. जो बांधावरी उभा राहोन पिकाची राखण करितो त्यानेच या लेखणीची राखण करावी, आणि जे घडले तेच लिहिणाराचे हातून लिहवावे. स्वस्ति श्री. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक वद्य एकादशी, वार मंगळवार, ते दिवशी जी मसलत जाहली तिचा वृत्तांत येणेप्रमाणे.

एक राज्य होते. विस्तार पावणेचार एकर. उत्तरेस ओढा, दक्षिणेस पाटाचे पाणी, पूर्वेस भाऊबंद, आणि पश्चिमेस भाऊबंदांचे भाऊबंद, ऐसी चतुःसीमा. राज्यात तारांचा द्राक्षमांडव, मांडवावरी वेली, आणि वेलींवर रंभाजीराव पानगव्हाणे यांची हुकमत. राजे पन्नाशी उलटलेले, मुद्रा सावळी, मिशी भरघोस, डोकीस टोपी, खांद्यावर उपरणे. पट्टराणी सिंधूबाई, त्यांचे बोलणे थोडे आणि ध्यान चोहोंकडे. प्रजा म्हणावी तर दोन शेळ्या, एक श्वान, आणि भिवरी नामे म्हैस, ती गाभण. राज्य सुखरूप चालले होते, परंतु एक व्यंग होते. औषध फवारणीस घरची फौज नव्हती. शेजारचे राज्यातून ट्रॅक्टर भाड्याने आणावा, तो आधी आपले धन्याची बाग फवारी, मग धन्याचे मेहुण्याची, मग धन्याचे व्याह्याची, आणि मग उरल्या दिवसात इकडे फिरके. तोवर डावणी रोगाने पाने गाठावी, ऐसे मागील साली जाहले आणि निम्मी बाग हातची गेली. तेव्हा राजांनी निश्चय केला की मांडवाखाली चालेल ऐसा आपला स्वतःचा मिनी ट्रॅक्टर आणावा, आणि परक्याचे दारी हात बांधोन उभे राहणे सोडावे.

मग खजिना पाहिला, तो तीन लक्ष सत्तर हजार भरला. कर्ज काढणे नाही, ऐसी शपथ वडिलांपासून कुळात चालत आली होती, ती मोडणे शक्य नव्हते. आणि ट्रॅक्टर त्याहून महाग पडला तर उणे पडेल ते भिवरीस विकोन भरावे, याविना दुसरा मार्ग नव्हता. ही गोष्ट राजांनी जेवतेसमयी राणीसाहेबांचे कानी घातली. राणीसाहेब भाकरी थापीत होत्या, त्यांनी हात न थांबविता उत्तर केले. "माघात व्यायची ती. माझ्या माहेरच्या म्हशीची नात आहे. तिला विकून ट्रॅक्टर आणाल, तर मग सकाळी बादली घेऊन त्याच्याखालीच बसा." राजे खजील जाहले आणि बोलिले, "नाही विकणार. शब्द देतो." राणीसाहेब म्हणाल्या, "शब्द मला दिलाय ना, मग मी येते संगं. तो कुठं सांडतो का, बघायला." ऐसा करार होऊन उभयता एकादशीचे प्रातःकाळी एसटीने कूच करोन तालुक्याचे शहरी दाखल जाहले.

त्या शहरी ट्रॅक्टरांचे विक्रीचा एक महाल होता, सर्व भिंती काचेच्या, आत पंखे, आणि फरशी ऐसी की वहाणा काढाव्या की ठेवाव्या हा संशय पडावा. लोक त्यास शोरूम म्हणत. तेथील मॅनेजर प्रणव देरे, वय कोवळे, गळ्यात टाय, वाणी मधुर. त्यांनी सामोरे येऊन आदर केला. "या काका. काकू, बसा. चहा घ्या, बिस्किट घ्या." राणीसाहेब म्हणाल्या, "एकादशी आहे." "मग नुसता चहा घ्या काकू, चहाला देव काही म्हणत नाही." ऐसे बोलोन त्यांनी चहा दिला आणि मग राजांस ट्रॅक्टरांचे पागेत नेले. तेथे एक लहानगा तांबडा ट्रॅक्टर उभा होता, बांधा आटोपशीर, पुढे चकचकीत बंपर, आणि शिरावर छत. प्रणवरावांनी विनंती केली, "बसून तर बघा काका." मग राजे वरी चढले, चाक हाती धरिले, आणि मान वर करोन छताकडे पाहिले. राजांचे वडिलांनी उभा जन्म लोकांची गुरे उन्हात वळली होती, डोकीवर छाया कैसी ती त्यांस ठाऊक नव्हती. आणि आज त्यांचे पुत्र छत्राखाली बैसले. राजांचे मन तेथून निघाले ते थेट गावचे वेशीत गेले, आणि पारावरील मंडळी उठोन पाहात आहेत, आणि राजे मान न वळविता मधोमध चालले आहेत, ऐसा थाट त्यांस प्रत्यक्ष दिसो लागला. राणीसाहेब खाली उभ्या होत्या. त्या केवळ पाहात राहिल्या.

मग राजे उतरोन मेजाशी आले आणि किंमत पुसली. प्रणवराव बोलिले, "चार लाख वीस हजार, काका. पासिंग, विमा, छत, बंपर, सगळं धरून." आसपास दुसरी गिऱ्हाइके बसली होती, ती कान टवकारोन ऐकत होती. परंतु राजे बैलबाजारात वाढलेले, आणि बैलबाजारात किंमत तोंडाने बोलत नाहीत. तेथे एकाने दुसऱ्याचे हातावरी उपरणे टाकावे, आत बोटे धरावी, जितकी बोटे दाबावी तितकी रक्कम समजावी, आणि भोवती शंभर माणूस उभे असले तरी देणारा आणि घेणारा यांवाचोन कोणास कळू नये, ऐसा जुना दंडक. तो दंडक राजांनी येथेही चालविला. खांद्याचे उपरणे काढिले, प्रणवरावांचे हातावरी पसरिले, हळूच म्हणाले, "उतरायचं ते बोटाला दहा हजार," आणि आत त्यांची पाचही बोटे मुठीत धरोन दाबिली. म्हणजे पन्नास हजार उतरावे. प्रणवरावांस वाटले की हे खेड्याकडील काही शुभ रीत असावी. त्यांनी आनंदाने पाचही बोटांनी राजांचा हात घट्ट दाबोन हालविला आणि म्हणाले, "अभिनंदन काका." राजांस विश्वास बसेना. एकाच झटक्यात पन्नास हजार. त्यांनी उपरणे झटकोन खांद्यावर टाकिले आणि राणीसाहेबांस म्हणाले, "झाला सौदा. भिवरी राहिली." प्रणवराव म्हणाले, "झालाच. चार वीसची पावती करतो." "चार वीस कुठले? तीन सत्तर." "तीन सत्तर कोण म्हणालं काका?" "तुम्ही. आत्ताच पाच बोटं दिलीत." "मी हात मिळवला हो." ऐसा बोलाचा गोंधळ माजला, आणि बसलेली गिऱ्हाइके उठोन जवळ आली, आणि प्रणवरावांचा टाय आपोआप सैल जाहला.

तो गलबला ऐकोन आतील दालनातून त्या महालाचे धनी झुंबरशेट बाहेर आले. वय साठीपुढे, पांढरा सदरा, चाल सावकाश. त्यांचे वडील बैलांचे व्यापारी होते, आणि शेटजींचे बालपण बाजाराचे धुळीत गेले होते. त्यांनी सर्व ऐकोन घेतले आणि प्रणवरावांस पुसले, "पाचही बोटं दिलीस?" "शेकहँड केला शेट." "उपरण्याखाली?" "हो." मग शेटजी खुर्चीवरी बैसले आणि गंभीर होऊन बोलिले, "मग आपण अडकलो, देरे. बाजारात हात दिल्यावर माणूस फिरत नाही. माझे वडील एकदा तापात होते, तापात हात दिला, तोही पाळला." राजांचे मनात त्या क्षणी मोठी खळबळ उडाली. हातचा डाव होता. हूं म्हणावे, तीन सत्तर मोजावे आणि भिवरीस घेऊन सुखे नांदावे. परंतु समोर प्रणवराव उभे होते, तोंड उतरलेले, आणि या चुकीचे पैसे आपले पगारातून किती वर्षे कापले जातील याचा हिशेब त्यांचे डोळ्यांत दिसत होता. मग राजे बोलिले, "शेट, याला बोटांची भाषा येत नाही. अजाण माणसाचा हात धरून सौदा केला म्हणतील, आणि पुढच्या बाजारात मला कोणी बैलाच्या शेपटीलाही हात लावू देणार नाही. हा सौदा मी सोडला. तुम्हाला कळतं ना? मग तुम्ही द्या हात." हे ऐकोन शेटजींची मुद्रा खुलली. त्यांनी सदऱ्याची बाही सारिली आणि म्हणाले, "पंचवीस वर्षं झाली हो, कोणी उपरणं टाकलं नाही माझ्या हातावर. टाका."

मग उपरणे पसरले आणि आत रण माजले. बाहेर मात्र दंडकाप्रमाणे भलत्याच गोष्टी चालल्या. शेटजी म्हणाले, "थंडी यंदा उशिराच की," आणि आत एक बोट आले. राजे म्हणाले, "उशिराच. घडात साखरही उशिरा भरेल," आणि आत पाच दाबिली. शेटजी म्हणाले, "मुलगी कुठं दिली म्हणालात?" आणि दुसरे बोट आले. "नदीपलीकडं. जावई मास्तर आहेत." पुन्हा पाच. "मास्तर चांगला. सुट्ट्या भरपूर." तिसरे बोट आले. "सुट्ट्यांत आमच्याकडंच असतात सगळे," राजे म्हणाले आणि पाच सोडिली नाहीत. गिऱ्हाइके एकाचे तोंडाकडून दुसऱ्याचे तोंडाकडे पाहात राहिली, त्यांस काही उमगेना. मग शेटजींनी दीर्घ श्वास घेतला, चौथे बोट दिले, आणि तेथे हात दगडासारखा थांबला. ते हळूच बोलिले, "यापुढं हाड आहे, पाहुणे. मांस संपलं." राजांनी तो हात चाचपोन पाहिला. खोटे बोलणाराचा हात ओला होतो आणि मागे सरतो, ऐसे त्यांचे आजवरचे पाहणे होते. हा हात कोरडा होता आणि स्थिर होता. शेटजी खरे बोलत होते. परंतु चार बोटे म्हणजे तीन लक्ष ऐंशी हजार, आणि खजिन्यात तीन लक्ष सत्तर. दोन्ही पक्ष खरे, आणि मध्ये एक बोट, आणि त्या बोटास भिवरी बांधलेली. राजे तैसेच बसोन राहिले. हात सुटेना.

तेव्हा राणीसाहेब खुर्ची ओढोन जवळ आल्या आणि राजांचे कानाशी म्हणाल्या, "किती अडलं?" "एक बोट." राणीसाहेबांनी साध्या आवाजात पुसले, "मांडवाखालून चालताना तुमची टोपी तारेला लागते. मग हे छत कसं जाणार?" राजांनी मान खाली घातली. कारण ही गोष्ट त्यांस ठाऊक होती. ट्रॅक्टरावरी बैसले त्या क्षणीच ठाऊक होती. छतासहित तो मांडवात शिरता तर पहिल्याच रांगेस तारा तुटत्या आणि घड जमिनीस लागते. तरीही राजे मौन राहिले होते, कारण वेशीतील तो थाट मनातून जाईना. ते अगदी लहान आवाजात बोलिले, "माहीत होतं मला." राणीसाहेब म्हणाल्या, "तुम्हाला माहीत आहे, ते मला माहीत होतं." "मग एवढा वेळ बोलली का नाहीस?" राणीसाहेब म्हणाल्या, "त्याच्याखाली बसला होता, तर बरे दिसत होता. म्हटलं बसू दे जरा."

हे शब्द राजांचे अंतःकरणी लागले. त्यांनी एकवार त्या तांबड्या छताकडे पाहिले, पोटभर पाहिले, आणि मग शेटजींस म्हणाले, "शेट, छत उतरवा. आणि पुढचा तो बंपरही. आमच्या बागेत टक्कर घ्यायला कोणी नाही." शेटजी म्हणाले, "ते दोन्ही मी वेगळे दहा हजार धरून लावले होते. काढले तर माझं काही जात नाही, दुसऱ्याला लागतील." ऐसे म्हणोन त्यांनी उपरण्याखाली आपण होऊन पाचवे बोट पुढे केले, आणि राजांनी ते दाबिले, आणि दोन्ही हात सुटले. भोवतालची मंडळी पुसो लागली, "कितीला झाला हो?" दोघेही हसले आणि दोघांनीही सांगितले नाही. प्रणवराव मात्र पुढे येऊन हळूच म्हणाले, "काका, ती बोटांची भाषा मला पण शिकवा." शेटजी म्हणाले, "आधी शेकहँड विसर." मग गुलाल मागविला, आणि बाजारात बैलास लाविती तैसा ट्रॅक्टराचे कपाळी, म्हणजे दिव्यांचे मधोमध लाविला. रक्कम मोजोन दिधली, पेढा आला, राणीसाहेबांनी तो उपवासास चालतो ऐसा निर्णय दिला आणि दोन खाल्ले.

मग पासिंगचे कागद जाहलियावर ट्रॅक्टर राज्यात आला. वेशीतून येतेसमयी पारावरील मंडळींनी पाहिले, कोणी उठले, कोणी बैसोनच हात वर केला, आणि ऊन राजांचे डोकीवर होते तैसेच होते. दुसरे दिवशी सकाळी पाठीमागे फवारणीचे यंत्र जोडोन राजे मांडवात शिरले. राजे वाकोन बैसले, तेव्हा तारा डोकीवरून एक वीत अंतराने चालल्या. मध्ये एके ठिकाणी वाकावयाचे राहिले, आणि टोपी तारेस अडकोन मागे राहिली, परंतु राजे थांबले नाहीत. रांग संपली तो सर्व पाने ओली, आणि एकही घड हालला नव्हता. राणीसाहेबांनी मागोन येऊन टोपी तारेवरून काढिली आणि झटकोन आपले कमरेस खोविली. त्या साली डावणी आली ती बांधावरून पाहोन गेली. माघात भिवरी व्याली, पारडी जाहली, आणि तीन दिवस गावात घरोघर खरवस पोहोचला, आणि एक डबा एसटीचे कंडक्टराहाती शहरी झुंबरशेटांस आणि प्रणवरावांस गेला.

एवंच, घेणारास जितके देणे शक्य होते तितके त्याने दिले, देणारास जितके सोडणे शक्य होते तितके त्याने सोडिले, आणि जे दोघांसही नको होते ते उतरवोन बाजूस ठेविले. ट्रॅक्टर कितीस पडला हे भाऊबंद अद्याप पुसतात. राजे हवापाण्याच्या गोष्टी बोलतात. राज्य सुखरूप आहे. येथे लेखणी पुसोन ठेविली असे.