शिंगाची पट्टी

सुरुवातीलाच माफी मागतो. दुसऱ्या माणसाबद्दल लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. अर्ज आणि परीक्षेची उत्तरं सोडून आजवर काही लिहिलेलं नाही. पण दयारामकाकांबद्दल कोणीतरी लिहायला हवं, आणि ते स्वतः लिहिणार नाहीत. ते तर पारखायला आणलेली गिटारसुद्धा वाजवून बघत नाहीत.

खरंच. जुन्या गिटारची पारख करावी ती देऊळगाव राजाच्या दयारामकाकांनी, असं जालन्यापर्यंत म्हणतात, आणि काका तारेला हात लावत नाहीत. इलेक्ट्रिक गिटार असली तरी वायर जोडू देत नाहीत. मांडीवर आडवी घेतात आणि शेंड्याजवळच्या पट्टीवरून अंगठ्याचं नख फिरवतात. सहा तारा ज्या बारीक खाचांतून गिटारच्या मानेवर उतरतात, ती ही बोटभर पट्टी. रंग, कंपनी, बिल सगळं नंतर. “पह्यले लाकडाले विचार, मंग माणसाले दोष दे.” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हा नियम गिटारपुरता असता तर ठीक होतं. भाजी खारट झाली तर काकूला काही म्हणायच्या आधी ते मिठाचा डबा उघडून बघतात. बस उशिरा आली तर कंडक्टरशी भांडत नाहीत, वाकून टायर बघतात. पहिल्या वर्षी माझे मार्क कमी आले, तेव्हा त्यांनी माझ्या खोलीतला बल्ब बदलून दिला.

मी सुलतानपूरचा. इथं काकांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. खाली त्यांचं माईक आणि अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान. संध्याकाळी तिथंच त्यांच्या गायन पार्टीची तालीम चालते. ढोलकी आहे, कोरस आहे, की-बोर्डवाले दोन आहेत. गिटार नाही. तरी काका डाव्या बाजूला एक खुर्ची रिकामी ठेवतात. कोणी बसलं की म्हणतात, “उठ बे, पाय मोडका आहे तिचा.” मी तपासली. चारही पाय धड आहेत.

मला ती खुर्ची हवी होती.

गिटार मी कॉलेजातल्या मित्राकडे शिकलो होतो, पण माझ्याकडे आईनं दोन बकऱ्या विकून घेऊन दिलेला की-बोर्ड होता. दुसरबीडला रस्त्यावर मोबाईलचं दुकान असलेला गणेश त्याच्या बदल्यात इलेक्ट्रिक गिटार द्यायला तयार होता. पार्टीचा जयंतीचा कार्यक्रम वीस दिवसांवर आलेला. शिवाय रविवारी मेहकरचा कोणी गिटार बघायला येणार होता. अदलाबदल फसली तर आईला काय तोंड दाखवू, या विचारानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी काकांना सोबत चला म्हटलं.

काका तयार झाले, पण एक अट घातली. “तिथं मी बोलनार नाही. मालकापुढं माल चांगला म्हटला तं तो भाव चढवते, वाईट म्हटला तं त्याचं मन मोडते. मी चष्मा काढला तं सौदा सोडाचा. डोयावर राह्यला तं घ्याचा. वाद नाही.”

गुरुवारी आम्ही गेलो. बसमध्ये की-बोर्ड माझ्या मांडीवर होता. गणेशनं स्पीकर लावून तयारी ठेवली होती. काकांनी हातानंच नको म्हटलं, गिटार आडवी घेतली आणि नख फिरवायला लागले. एक खाच. दुसरी खाच. तिथं नख थांबलं. मागं आलं, पुन्हा गेलं. काकांनी खांद्यावरच्या रुमालानं ती पट्टी पुसली, उजेडाकडे धरली. मी त्यांच्या नाकाकडे बघत होतो.

त्यांनी चष्मा काढला.

मला ती गिटार हवी होती. पण अट म्हणजे अट. नाही जमत म्हणालो आणि की-बोर्ड पुन्हा पिशवीत घातला. गणेश हसला. “बैल पाह्याले आले आन दावं पाहून चालले.” काका उठेनात. दंडाला धरून मी त्यांना बाहेर आणलं.

आम्ही बसनं परत आलो. स्टँडवर उतरल्यावर त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं.

“गिटार काऊन नाही घेतली बे?”

“काका, तुम्हीच चष्मा काढला.”

त्यांनी मुठीतला चष्मा असा पाहिला, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. मग तिथंच बाकावर बसले आणि सांगू लागले.

ती पट्टी त्यांनी स्वतः घडवली होती, घरच्या बैलाच्या शिंगातून, धाकट्या भावासाठी, मिलिंदसाठी. तो पार्टीत गिटार वाजवायचा. अकरा वर्षांपूर्वी जयंतीच्या स्टेजवर सूर चढा लागायला लागला आणि काका माइकवरून सगळ्यांदेखत बोलले, तुले सूर नाही. मिलिंद गिटार घेऊन उतरला तो गेलाच. फोन नंबरही बदलला. पुढे काकांनी त्याच मापानं दुसऱ्याला पट्टी करून दिली, तीही चढी वाजली. खाच उथळ राहत होती, त्यामुळं तार उंच बसायची. वाजवणाऱ्याचा दोष नव्हता.

“आता ती खाच बरोबर खोल आहे,” काका म्हणाले. “पन त्यानं घासली का दुसऱ्या कोनी, हे लाकूड सांगत नाही.”

त्या गुरुवारपासून चष्मा खिशातच. नीट दिसत नसताना अँप्लिफायरच्या तारांना सोल्डरचे डाग देत बसायचे, बोटं भाजून घ्यायचे.

मी गणेशला फोन करून माफी मागितली आणि गिटार कोणाकडून घेतली ते विचारलं. जालन्याच्या एका मित्राकडून. त्या मित्राला परभणीच्या त्याच्या गिटारच्या सरांनी दिली होती. सरांचा नंबर मिळाला, आणि नाव मिलिंद. मी झाला प्रकार लिहून खाच कोणी घासली ते विचारणारा निरोप तयार केला आणि लपवत नाही, तो पाठवायच्या आधी अर्धा तास तसाच बसून राहिलो. ते परत आले तर खुर्ची त्यांची. मग मला बदललेला बल्ब दिसला, आणि मी बटण दाबलं.

शनिवारी तालमीच्या वेळी उत्तर आलं. लिहिलेलं नव्हतं, आवाज होता. मी ढोलकी थांबवायला सांगितली आणि मोबाईल काकांच्या कानाशी धरला.

“दादा, मी मिलिंद. ती खाच मीच घासली, इथं आल्यावर दुसऱ्याच महिन्यात. पट्टी बदलाचं मन नाही झालं. गिटार त्या पोराले घेऊ दे, आता ती चढी वाजत नाही. जयंतीले मी येतो. पाह्यतो तो कसा वाजवते.”

काकांनी ते दोनदा ऐकलं. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

मेहकरचा माणूस उद्याच येणार होता. मी की-बोर्ड पिशवीत भरायला उठलो.