आठ ढेपांचा दयानंद

गुळाची फुटलेली ढेप देवाला चालत नाही.

मागच्या मे महिन्यात लोह्याच्या बसस्टँडजवळ डांबर पाघळलं आणि त्यात एका अनवाणी पावलाची पाच बोटं उमटली. ती अजून तिथंच आहेत.

"भाकरीचा पापुद्रा काढून खाल्ला तर चालंल का?" दयानंद विचारायचा.

माळ्यावर मुंग्यांची रांग. शिस्तीत. प्रत्येकीच्या तोंडात काहीतरी पिवळं.

कोपऱ्यात काचेचा वजनकाटा. काट्यावर पोतं, पोत्यावर ट्रंक, ट्रंकेवर म्हातारी.

८६

दयानंद आईची टाच दाखवायला गेला आणि स्वतःच काट्यावर चढून बसला.

लोह्याच्या डॉक्टर विशाखाबाईंनी तुळजाबाईंची टाच पाहिली, साखर पाहिली, परत टाच पाहिली. बाभळीचा काटा कधीच निघाला होता, पण जखम काही मिटायला तयार नव्हती.

"मावशी, चपला का घालत नाही तुम्ही?"

"नवस हाय माजा," तुळजाबाई म्हणाल्या. "दया डेंगूनं पडला तवा म्हादेवाला बोलले. लेकरू उठून बसू दे, त्येच्या वजनाइतका गूळ तोलते. तवर पायात चप्पल न्हाई."

"मग तो उठून बसला ना? नवस फेडायचा की!"

"हडकलं व्हतं की वो लेकरू! तसंच तोललं असतं तर देव काय म्हनला असता? म्हातारी चिक्कू हाय म्हनला असता. म्हून म्हनलं, जरा भरू द्यावं अंगानं."

डॉक्टरबाईंनी दारात उभ्या असलेल्या दयानंदकडे पाहिलं. तो भरला होता. दारही भरलं होतं.

"तुम्ही या इकडं. चढा."

शहाऐंशी. डॉक्टरबाईंनी बोटातून रक्ताचा थेंब काढला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "तुमचीही साखर काठावर आहे. वजन उतरवायचं. किती, ते तुम्ही ठरवा."

"तुमीच सांगा की मॅडम."

"मी सांगितलेला आकडा लोक माझ्यासमोर पाळतात आणि दाराबाहेर विसरतात. स्वतः निवडा. जन्मभर सांभाळता येईल असा."

दयानंदचं खता-बियाण्याचं दुकान होतं. शेतकऱ्याला कोणतं बियाणं घ्यावं हे तो डोळे मिटून सांगायचा. पण अडतीस वर्षांच्या आयुष्यात स्वतःच्या शर्टाचा रंग त्यानं निवडलेला नव्हता. तो म्हणाला, "घरी इचारून सांगतो."

बाहेर पडताना डॉक्टरबाईंनी त्याला हळूच थांबवलं. "आईंच्या पायात चप्पल आली पाहिजे. ही टाच अशीच मातीत राहिली तर एक दिवस मला त्यांना नांदेडला पाठवावं लागेल. आणि तिथले डॉक्टर मलमपट्टी करायला बसलेले नसतात."

दयानंदनं आईला दवाखान्याच्या पायऱ्यांवरून उचलून खाली आणलं. शहाऐंशी किलोच्या माणसाला चार पायऱ्यांतच धाप लागली.

९० की ८० की ७५

"पंच्याहत्तर," पुनम म्हणाली. नवऱ्याचं लग्नातलं वजन तिच्या लक्षात होतं, कारण लग्नातली शेरवानी अजून कपाटात होती.

"नव्वद," तुळजाबाई म्हणाल्या.

"आत्या! डॉक्टरनं उतरवा म्हनलंय."

"अकरा किलो उतरवायला जीव जातोय मान्साचा. चार किलो चढवायला काय लागतंय? उद्या डिंकाचे लाडू करते."

रेणापूरहून आलेला पुनमचा भाऊ भागवत तोवर चहा पीत होता. लातूरच्या बाजारात आडत्याकडे त्याची रोजची ऊठबस. त्यानं कप खाली ठेवला आणि घराचा प्रश्न बाजाराच्या भाषेत मांडला. "दाजी, गूळ ढेपंनं येतोय. ढेप दहाची. तुमी पंच्याहत्तर झालात तर आठवी ढेप मधून फोडावी लागंल."

"फुटका गूळ? देवाला?" तुळजाबाईंनी कानाला हात लावले.

अशा रीतीनं पंच्याहत्तर हा आकडा वैद्यकशास्त्रातून बाद झाला. माणसानं ऐंशी तरी व्हावं नाहीतर नव्वद तरी व्हावं, मधल्या माणसांची सोय गुळात नाही, हे सगळ्यांना पटलं. दयानंदलाही पटलं. त्याला तर नव्वदच पटत होतं. आईचा पाय लवकर चपलेत जायचा तर लाडू हा जवळचा रस्ता होता, आणि वाटेत लाडूही होते.

पण देवळातला मोठा तराजू निघतो फक्त शिवरात्रीला. तिला तीन महिने होते. पुनमनं तेवढंच धरून ठेवलं. "थांबायचंच हाय तर उतरून थांबा. चढून कामून थांबता?"

तुळजाबाईंनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाल्या, "ऐंशी तर ऐंशी. पन बरोबर ऐंशी. मी वजनाइतका बोलले. कमी न्हाई, जास्त न्हाई. मान्सासंगं कसंबी वागावं, देवासंगं बेईमानी न्हाई."

आठवड्याभरात भागवतनं नव्या गुळाच्या आठ ढेपा आणून माळ्यावर चढवल्या. आता मागं फिरायची सोय राहिली नाही. दयानंदचं ध्येय पोत्यात बांधून डोक्यावर ठेवलेलं होतं.

८४, ८३, परत ८४

"ही भाकर जड लागून राहिली."

"ज्वारीच जड हाय औंदा."

"माय, खालून तूप गळून राहिलंय."

"तव्याचं असंल."

"तव्याला तूप कामून?"

"चिकटू नये म्हून."

"भाकरी कधीपासून चिकटायला लागली?"

"तू डाएट करायला लागलास तवापासून."

८२

लोहा-कंधार रस्त्यानं दयानंद पहाटे चालायला लागला. ओळखीचे लोक मोटरसायकल थांबवून विचारायचे, "गाडी बिघडली का सावकार? बसा." नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटायचं. बसलं तर वजन उतरत नव्हतं. शेवटी तो शेतातल्या बांधावरून चालायला लागला, तेव्हा गावात बातमी पसरली की दयानंद जमीन बघून राहिला, घेणार हाय.

दुकानात तो गिऱ्हाइकाला औषधाचं माप सांगता सांगता मध्येच थांबायचा. त्याला बियाण्याच्या पिशवीवरच्या भुईमुगाच्या चित्राचा वास यायचा.

पण सगळ्यात वाईट म्हणजे घरातली पावलं. तुळजाबाई चालायला लागल्या की एक पाऊल वाजायचं आणि एक नाही. टाच टेकवत नव्हत्या. पट्टी बांधू द्यायच्या, कारण पट्टी म्हणजे काही चप्पल नव्हे; पण अंगणात गेल्या की पट्टीचा रंग मातीचा व्हायचा. दयानंद ताटावर बसला की ते अर्धं चालणं ऐकायचा आणि दुसरी भाकरी परत ठेवायचा.

त्या भाकरीवर मग तुळजाबाई रुसायच्या. "माज्यासाठी उपाशी राहू नगंस."

"तुज्यासाठी न्हाई माय. गुळासाठी."

७९

शिवरात्रीच्या आधल्या आठवड्यात काट्यानं एकोणऐंशी दाखवलं आणि घरात हाहाकार झाला.

"जास्त उतरला!" पुनम ओरडली. तीन महिन्यांत ती पहिल्यांदाच ह्या कारणासाठी ओरडत होती.

तुळजाबाईंचा चेहरा उजळला. लाडवाचा डबा असा हजर झाला की जणू शेजारच्या खोलीत तो तयारीतच उभा होता. दयानंदनं दोन लाडू खाल्ले. तिसरा अजिबात मोजायचा नाही म्हणून खाल्ला. दुसऱ्या दिवशी साडेएक्क्याऐंशी. मग नुसतं ताक. मग साडेऐंशी. मग नुसतं ताकाकडे बघणं. दयानंद काट्यावर दिवसातून इतक्यांदा चढायला-उतरायला लागला की तुळजाबाईंनी वैतागून काटा कोपऱ्यात सारला, वर पोतं, पोत्यावर ट्रंक ठेवली आणि स्वतः बसल्या. "त्यो काटा बगून बगून तुजं रगत आटलं."

शिवरात्रीच्या पहाटे पुनमनं सासूला हाताला धरून उठवलं, काटा काढला. दयानंद टॉवेल गुंडाळून चढला. डोळे मिटून घेतले.

"किती?"

पुनम वाकून आकडा परत परत वाचत होती.

"किती, सांग की!"

"ऐंशी," ती म्हणाली. "टिंबाच्या पुढंबी शून्य. अहो, हलू नका. बोलू नका. पानी पिऊ नका."

तो देवळापर्यंत न बोलता गेला.

पारडं

गावच्या महादेवाच्या मंडपात सागवानी दांडीचा तराजू टांगलेला. पुजारी वीरण्णा उदगीरकडचा, कमी बोलणारा. त्यानं नियम एकदाच सांगितला. "तीनदा तोलायचं. पारडी समान आली की घंटा. तिसऱ्यांदाबी न्हाई आली, तर फुडच्या शिवरात्रीला."

फुडच्या शिवरात्रीला. दयानंदनं आईच्या पायाकडे पाहिलं. पट्टीला रक्त आलं होतं.

एका पारड्यात आठ ढेपा रचल्या. दुसऱ्यात दयानंद बसला. साखळ्या करकरल्या, दांडी कलली, आणि तो धप्पकन जमिनीला टेकला. आठ ढेपा वर गेल्या आणि त्याच्याकडे खाली बघत राहिल्या.

"एक," वीरण्णा म्हणाला.

"दाजी, रात्री काय खाल्लं?" भागवतनं विचारलं.

"काय न्हाई खाल्लं! मी ऐंशी हाय! पुनमला इचार!"

"मग गूळ किती हाय?"

गर्दीतून कुणीतरी विचारलं होतं. पुनमनं भावाकडे पाहिलं. भागवतनं ढेपेचं पोतं बाजूला सारून बोट लावलं. बोटाला मुंगी लागली.

तीन महिने घरातला माणूस ग्रॅमनं मोजला होता. माळ्यावरचा गूळ कुणी मोजला नव्हता. नवा गूळ ओला असतो, सुकला की हलका होतो, हे लातूरच्या बाजारात रोज उठणाऱ्या-बसणाऱ्या भागवतला पक्कं ठाऊक होतं. फक्त आत्तापर्यंत आठवलं नव्हतं. एकाच छताखाली दयानंद सुकत होता आणि त्याच्या डोक्यावर गूळ सुकत होता. उरलेलं मुंग्यांनी पाहिलं होतं.

"नववी ढेप आना कुनीतरी," मागून आवाज आला.

"मग गूळ जास्त व्हतोय," तुळजाबाई म्हणाल्या. "वजनाइतका बोलले मी."

"मग मानूस कमी करा," दुसरा आवाज आला, आणि ते सगळ्यांना पटलं.

मोबाईल गेला. किल्ल्या गेल्या. पट्टा, पाकीट, घड्याळ. शर्ट गेला. "पँट बी जड हाय दाजी, जीनची हाय," भागवत म्हणाला, आणि कुठून तरी टॉवेल आला. दयानंद देवळामागं लघवीला जाऊन आला, तेव्हा चार माणसांनी विचारलं, "झाली का नीट?" गावातला न्हावी वस्तरा घेऊन उभाच होता, त्याची नजर मिशीवर होती.

दुसऱ्यांदा तो टॉवेलवर बसला. दांडी थरथरली. पारडं हळूहळू वर आलं, आणखी वर आलं, आणि समान व्हायच्या चार बोटं आधी थांबलं. मग परत खाली.

"दोन."

माघाच्या वाऱ्यात दयानंद उघड्या अंगानं कुडकुडत होता. पोरी तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. त्याला आणखी एक उन्हाळा दिसत होता, डांबराचा, आणि नांदेडचं एक पांढरं हॉस्पिटल. "सगळा श्वास सोडू का?" त्यानं पुनमला विचारलं. त्याचा आवाज रडका झाला होता. पुनम त्याच्या अंगावरची एक मुंगी झटकत होती.

"थांबा," तुळजाबाई म्हणाल्या.

त्या लंगडत पुढे आल्या. हातात हळदकुंकवाचं ताट. "गुळाला कुकू लावायचं राहिलंय. बस रे दया."

तो तिसऱ्यांदा बसला. पारडं खाली गेलं, वर आलं, चार बोटांवर थांबलं. दयानंदनं श्वास सोडला. डोळे मिटायच्या आधी त्यानं समोर पाहिलं.

तुळजाबाई ढेपांना कुंकू लावत होत्या. उजव्या हाताच्या बोटानं. डावा हात, आधाराला ठेवावा तसा, ढेपांवर ठेवलेला. मनगटाच्या शिरा ताणलेल्या. बांगड्या कोपराकडे सरकलेल्या.

दयानंदला आपण उचललो गेल्याचं कळलं. एक बोट. दोन. चार.

वीरण्णानं दांडीकडे पाहिलं. तुळजाबाईंच्या हाताकडे पाहिलं. त्यांच्या पायाकडे पाहिलं. मग तो मंडपाचं छत निरखू लागला, जणू तिथं काहीतरी महत्त्वाचं लिहिलं होतं, आणि छत निरखता निरखताच त्यानं घंटा ओढली.

घंटेबरोबर दयानंदनं खाली उडी मारली. परत तपासायला कुणाला जागाच ठेवली नाही.

हर हर महादेवचा गजर झाला. भागवत ढेप फोडून गर्दीला वाटू लागला. आता ती फोडायला हरकत नव्हती. पुनमनं सासूला ओट्यावर बसवलं, टाच पुसली, नवी पट्टी बांधली आणि पायात मऊ चप्पल चढवली. तुळजाबाईंनी पाय हलवून बघितला.

दयानंद शर्टाची बटणं लावत शेजारी बसला. हळूच म्हणाला, "माय, हात..."

"कुकू लावून राहिले व्हते."

"इतका येळ?"

"आठ ढेपा हायत."

डेंगू उतरून दवाखान्यातून घरी आला, त्या दिवशी दयानंदचं वजन बरोब्बर सत्तर किलो होतं. सात अखंड ढेपा.