सरकीच्या हौदातले मासे

उकंडामामा बोलताना माणसाच्या डोळ्यांत बघत नसत. ते कानाच्या खाली, मानेच्या बाजूला बघत. माशाला जिथे कल्ले असतात तिथे. तुम्ही पाऊसपाण्याचं बोलताय आणि मामांची नजर तुमच्या कल्ल्यांवर. मग हळूच विचारायचे, "जेवन काय केलं आज?"

मी तेव्हा मोताळ्याजवळच्या एका गावात शाळेवर बाई होते. महाराष्ट्र राज्य नवं होतं, माझी नोकरी नवी होती, आणि तलावाखाली सरकारनं बांधलेले सिमेंटचे दोन हौद तर सगळ्यांत नवे. त्यांत माशांची पिल्लं वाढवून तलावात सोडायची, हे मामांचं काम. त्यासाठी त्यांना दोन आठवड्यांच्या शिक्षणाला पाठवलं होतं. गेला तेव्हा बरा होता, आला तो असा आला, असं गाव म्हणायचं.

"बाई, नुसतं पोट भरून मासा वाढत नाही," मामा मला भर रस्त्यात थांबवून सांगायचे. "अंगावर मांस चढाले दहा जिनसा लागते. साहेबानं नावं सांगतली. लायसिन. मिथिओनिन. एक जिन्नस कमी पडली का बाकीच्या नऊ वाया. सरकीची ढेप देल्ली, पोट भरलं, पन अंगी लागत नाही. काऊन? काहीतरी कमी हाय."

"काहीतरी कमी हाय" हे त्यांचं पालुपद. सरपंचाच्या नव्या बैलात काहीतरी कमी होतं. एका नवरदेवात कमी होतं, आणि ते त्यांनी मांडवात सांगितलं. आमच्या हेडमास्तरांत तर पाच-सहा जिनसा कमी होत्या. या बाबतीत माझं मामांशी एकमत होतं.

एका हौदात ते नुसती सरकीची ढेप टाकायचे. दुसऱ्यात ढेप, कोंडा, सुकटीचा भुगा आणि खाटकाकडून आणून वाळवलेलं रक्त. कोणते मासे चांगले वाढतात ते बघायचं होतं त्यांना. रक्त हातानंच कुस्करायचे, त्यामुळे बोटं कायम काळपट तांबडी. त्या हातचं पाणीसुद्धा गावात कोणी घेत नसे. घरात एकटेच राहायचे.

एकदा तिन्हीसांजेला मी हौदावरून घरी चालले होते. मामा काठावर उकिडवे बसलेले. हाक नाही, टाळी नाही, आणि पाणी एकाएकी तोंडांनी भरून गेलं. बोटाएवढी तोंडं, उघडतायत, मिटतायत, आवाज मात्र कसलाच नाही. आणि मामा मान हलवून म्हणतायत, "हाव. हाव माय. मालूम हाय मले."

मी भराभर पुढे निघाले. तेवढ्यात त्यांनी सरकीच्या हौदातला एक मासा उचलून माझ्यापुढे धरला. "डोकं पाहा बाई, केवढं. आन् पाठ पाहा. कायीच नाही."

मी पाहिलं आणि पळत घरी आले. घरी माझी सुमी होती, दीड वर्षाची. तिचंही डोकं असंच मोठं दिसायचं आणि दंड काडीएवढे. अंगावरचं तुटलं होतं, वरचं दूध पचत नव्हतं. ज्वारीची पेज, भाकरीचा काला भरपेट खायची आणि वाळत चालली होती. नवरा नांदुऱ्याला नोकरीवर, आठवड्यानं यायचा. तिथल्या डॉक्टरनं दिलेली बाटली संपली होती. पोर हातची चालली होती आणि मला ते दिसत होतं.

चार दिवसांनी मामा दारात उभे. सुमीच्या कानाखाली बघत राहिले, दोन बोटांनी तिचा दंड चाचपला आणि म्हणाले, "काहीतरी कमी हाय." मी त्यांना हाकलून दिलं. मी काय काय बोलले ते आता लिहवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर पळसाचं पान. पानावर काळ्या तिळात मळलेला गोळा. त्यावर पाच बोटं उठलेली.

अहो, पिंड! आजारी लेकराच्या दारात पिंड!

शेजारची ठकूबाई धावत आली आणि लांबच थबकली. "हात नोको लावू बाई. करनी व्हय हे. झाडूनं सुपात घे आन् पान्यात सोड. मांगं पाहू नोको."

जवळचं पाणी म्हणजे सरकीचा हौद. मामा त्या वेळी खाटकाकडे गेलेले असत. मी गोळा टाकला आणि मागे न बघता निघाले. पाठीमागे पाणी खळखळलं ते ऐकू आलंच.

रोज सकाळी नवा गोळा. तीन आठवडे. दाराला लिंबू-मिरची, उंबऱ्याला हळद, सुमीच्या गळ्यात ताईत. पोरांना भूगोल शिकवणारी मी, सूप घेऊन हौदाच्या वाटेला! पुढे पुढे तर मी पोचायच्या आधीच मासे काठाशी येऊन थांबलेले असायचे. माझी वाट बघत. इकडे सुमी रोज हाताला हलकी लागत होती.

मग एका रविवारी भर दुपारी मामाच आले. चेहरा उतरलेला.

"बाई, तुमी शिकेल हा, मले सांगा. सरकीवाले मासे फुगून राह्यले. पाठ भरली त्याइची. मी त कायीच देल्लं नाही. कोन देऊन राह्यलं? भूत येते काय?"

"भूत नाही, तुमचीच करणी!" मी ओरडले. "रोज माझ्या दारात पिंड ठेवता ना? सगळे टाकले मी तुमच्या त्या हौदात!"

मामा ओट्यावर बसले.

"फुटान्याचं पीठ व्हतं ते," ते म्हणाले. "गूळ आन् तीळ. जवारीत जे कमी हाय ते फुटान्यात हाय. फुटान्यात कमी ते तिळात. घरात काळे तीळ व्हते, म्हनून काळे."

"आणि रक्त? ते नव्हतं त्यात कालवलेलं?"

"लेकराले रगत देईन काय मी?"

"मग तोंडानं सांगायचं होतं!"

"सांगालेच आलतो. तुमी हाकललं. आन् माह्या हातचं कोन घेते बाई?"

तीन आठवडे मी माझ्या लेकीच्या तोंडचा घास माशांना घालत होते. जीव द्यावासा वाटला.

मामा जमिनीकडे बघून बोलत होते. "माही यमुना दोन वर्साची व्हती. लोक म्हंतेत, मायेवेगळी पोर, बापानं उपाशी मारली. उपाशी नाही मेली बाई. पोटात भाकर व्हती तिच्या. रोज व्हती. मीच चारली. मंग त्या शिक्षनात साहेबानं फळ्यावर माशाचं चित्र काढलं. डोकं मोठं, अंग बारीक. सारे लिहून घेऊन राह्यलते. मी रडून राह्यलतो."

मी आतून तांब्या आणला. म्हटलं, "मामा, हात धुवा. तुम्हीच भरवा तिला."

त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, अख्खा तांब्या संपवला. सदऱ्याच्या खिशात पानात बांधलेला उद्याचा गोळा होता. त्यांनी पान सोडून त्याचा लहानसा घास केला.

दिवाळीपर्यंत सुमी भिंतीला धरून चालायला लागली. आज ती दोन लेकरांची आई आहे. पण माझ्या डोळ्यांपुढे येतो तो ओट्यावरचा पहिला घास. मामांनी तो सुमीच्या तोंडात घातला, ती गिळेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "उशीर झाला, माय. लय उशीर झाला."

सुमीला उशीर केला होता तो मी. मामा तर रोज उजाडायच्या आत आणून देत होते. ते सुमीशी बोलतच नव्हते.