आमच्या जमिनीतलं टायटॅनियम

अल्माटीजवळच्या एका संशोधन संस्थेत उपमंत्री येणार होते, म्हणून चंद्र नीटनेटका करण्याचा आदेश निघाला.

चंद्र म्हणजे चाचणीसाठी आवारात मांडलेला, चंद्रावरच्यासारख्या काळ्या दगडांचा चौकोन. संस्थेतल्या शास्त्रज्ञ रौशानचं वर्णपटमापक त्या दगडांवर लेझर मारायचं आणि उडालेल्या ठिणगीच्या उजेडावरून दगडात काय काय आहे ते सांगायचं. उपमंत्र्यांपुढची चाचणी पार पडली, तर त्याला चंद्रावर जाणाऱ्या यानात जागा मिळणार होती. रौशानने उमेदीची सगळी वर्षं त्या यंत्रात घातली होती.

पण आमच्याकडे मोठा माणूस यायचा म्हटलं की झाडांचे बुंधे आणि रस्त्याच्या कडा पांढऱ्या करायच्या, ही रीत. रंगाऱ्यांनी झाडं उरकली, कडा उरकल्या आणि उरलेल्या ऑइलपेंटमध्ये चंद्रही उरकला.

रौशानने संचालक ओराझबेक यांना, म्हणजे सगळ्यांच्या ओरेकेंना, बाजूला घेऊन हे सांगितलं. काळेकुट्ट दगड पाहुण्यांपुढे बरे दिसत नाहीत, एवढंच ते म्हणाले.

लेझर चालला. पडद्यावर टायटॅनियम उमटलं. पांढऱ्या रंगात तेच असतं. यंत्र शब्दाला जागलं.

"टायटॅनियम? आपल्या जमिनीत?" उपमंत्र्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"साहेब, ते दगडातलं नाही, वरच्या—"

"आमच्या रौशानला कौतुक सोसत नाही हो," ओरेके म्हणाले.

संध्याकाळी मेंढी कापली. शिजलेलं डोकं मानाचं म्हणून उपमंत्र्यांपुढे आलं. त्यांनी त्याचा कान कापून रौशानला दिला. कान लहान मुलांना देतात, मोठ्यांचं ऐकायला शिकावं म्हणून. तिने तो मुकाट्याने खाल्ला.

मग यंत्र टायटॅनियम शोधत जिल्ह्याजिल्ह्यांत फिरू लागलं. ते पोचण्याआधी रंगारी पोचत. एका जिल्हाप्रमुखाने उत्साहाच्या भरात मेंढ्याही रंगवल्या. त्यांच्यातही उत्तम प्रतीचं टायटॅनियम निघालं.

शेवटी यानात काय जाणार ते ठरवणाऱ्या समितीपुढे रौशान उभी राहिली. तिने खऱ्या चंद्राचं विचारलं.

"तिथे आधी माणसं पाठवून तयारी करता येईल का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही."

"मग तिथे काय निघेल याची हमी कोण घेणार, बाई? तुम्ही?"

चंद्र तपासणीसाठी अपात्र ठरला. यानातल्या रिकाम्या जागेत उपमंत्र्यांचा फोटो गेला.

हसताय? मागच्या खेपेला साहेब येणार म्हणून तुमच्या गल्लीतले खड्डे रातोरात बुजले, तेव्हा हार घेऊन पुढे तुम्हीच होतात. आणि निघताना त्यांना म्हणालात, "असेच येत जा."