तपशिलांची तूट

मोरकुंड नगरपालिकेने मागवलेला नवा कॅमेरा इतकं बारीक पाहणारा होता की त्याला पुरतील एवढे तपशील गावात निघाले नाहीत.

कॅमेरा दिसायला अगदीच किरकोळ, सदऱ्याच्या खिशात मावेल असा. अजून तो आलाही नव्हता. पण विक्रेत्याचा माणूस आधी येऊन सगळं समजावून गेला होता. "याला जिथे बघण्यासारखं काही सापडत नाही, तिथे हा कोरी पांढरी जागा सोडतो," तो म्हणाला. "हा दोष धरू नका, साहेब. हा त्याचा प्रामाणिकपणा आहे."

मोरकुंडची रीत अशी की चैत्री पौर्णिमेला सगळं गाव तळ्याच्या पायऱ्यांवर उभं राहून एक फोटो काढून घेतं आणि तो पालिकेच्या सभागृहात लागतो. जुन्या कॅमेऱ्यात माणसं मसुरीच्या डाळीएवढी यायची. कुठल्याही दाण्यावर बोट ठेवून 'हा मी' म्हणायची सोय होती, त्यामुळे भांडणं नव्हती. काहीजण तर फोटोला न जाताही फोटोत होते. आता ती चैन संपणार होती.

गाव तयारीला लागलं. ब्युटी पार्लर पालिकेने तात्पुरतं बंद ठेवलं. मुरुमं फोडू नयेत अशी सूचना रिक्षावर भोंगा लावून हायस्कूलच्या दारात दिली गेली. अध्यक्षा मंदाकिनीताई शेळके यांचा चेहरा तुळतुळीत, म्हणून त्यांनी सासूबाईंच्या कपाळावरची खोक उसनी घेतली. "जपून वापर गं, माहेरची आहे," एवढंच सासूबाई म्हणाल्या.

चौकात बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या दिगंबर रासण्यांना या भानगडीत फारसा रस नव्हता. स्वतःच्या सुरकुत्यांवर त्यांचा भरवसा होता. पण त्यांची मुलगी मुक्ता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि पालिकेच्या चारुशीला ढवळे भिंग घेऊन घरी तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी आधी पाळण्यात डोकावून पाहिलं.

चारुशीलाबाईंनी बाळाच्या गालावर भिंग धरलं, मग कपाळावर धरलं आणि सुस्कारा सोडला.

"अगदीच कोरी आहे हो. पापण्या येतील, नाकपुड्या येतील. बाकी पांढरं."

"म्हणजे माझ्या मांडीवर काय दिसणार?" मुक्ताने विचारलं.

"दुपटं दिसेल ना. दुपटं छान येईल, टाके घातलेत त्याला."

मुक्ताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गावाच्या फोटोत लेकीच्या जागी दुपटं, आणि तेही जन्मभर भिंतीवर! रासण्यांनी तिला पाणी दिलं आणि चारुशीलाबाईंना खुर्ची दिली.

"उपाय आहे," चारुशीलाबाई म्हणाल्या. "जे गेले त्यांचे तपशील घरोघरी पडून आहेत, काका. वापरात नाहीत. ते जमा करून घ्यायचं ठरलंय. जे घर जमा करेल, त्या घरच्या लहान मुलाला आम्ही पुरेसे देतो. काकूंचे असतील की तुमच्याकडे."

रासण्यांच्या बायकोला, कुमुदकाकूंना, जाऊन दोन वर्षं झाली होती. रासण्यांनी पाळण्याची दोरी हातात घेतली.

"तिचेच बाळाला द्याल?" त्यांनी विचारलं.

"घरचं घरी देता येत नाही. वशिला होतो. सोडत काढून सगळ्या गावात वाटतो आम्ही."

"आणि जमा केल्यावर माझ्याकडे?"

"तुमच्याकडे राहत नाहीत. एक वस्तू दोन ठिकाणी कशी राहील?" चारुशीलाबाईंनी भिंग पदराला पुसलं. "फोटो असेल ना काकूंचा?"

"सभागृहातल्या फोटोत आहे की. मधल्या पायरीवरचा कडेचा दाणा. पण लेलेवहिनी म्हणतात तो त्यांचा."

"लग्नातला?"

"त्यात मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान. भांग तेवढा आलाय."

"हं," चारुशीलाबाई म्हणाल्या. "घाई नाही. कॅमेरा सोमवारी येतोय."

दोन दिवस रासण्यांचं दुकानात लक्ष लागलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या हातात त्यांनी इतक्या मोठ्या बांगड्या भरल्या की त्या दुकानाच्या पायरीवरच गळून पडल्या. कुमुदचा चेहरा हीच त्यांची खरी मिळकत होती. रोज सकाळी चहा गाळताना ते ती एकदा नजरेखालून घालत. ती गेली तर चहा गाळायचा तरी कशाला, असं त्यांना वाटलं. पण घरी मुक्ता बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका लावून पाहत होती, पुसत होती, पुन्हा लावत होती. ते काही त्यांना बघवेना.

रविवारी ते स्वतः होऊन पालिकेत गेले आणि चारुशीलाबाईंसमोर बसले.

"डाव्या कानामागे तीळ," त्यांनी सुरुवात केली. "भुवईत एकच पांढरा केस, तो कुणाला उपटू द्यायची नाही. मनगटाला तव्याचा चटका. हसताना आधी उजवा गाल. मी तंबाखू काढली की चष्म्यावरून बघायची."

एकेक सांगत गेले तसं एकेक गेलं. तीळ कुठल्या कानामागे, असं कोणी पुन्हा विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. चारुशीलाबाई खाली मान घालून लिहून घेत होत्या. मध्येच त्या थांबल्या.

"काका, एखादा मागे ठेवायचा असेल तर ठेवा. मी काही झडती घेत नाही."

"एका तपशिलापुरत्या माणसाचं मी काय करू?" रासणे म्हणाले आणि पुढे सांगू लागले. दुपार होईपर्यंत सांगत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "आवाज?"

"आवाज कॅमेऱ्याला लागत नाही. तो राहू द्या तुमच्याकडे."

फोटो अपेक्षेपेक्षा सरस आला. शेवटच्या पायरीवरच्या माणसाच्या बटणातला दोरासुद्धा मोजता येत होता. मंदाकिनीताईंची खोक उठून दिसत होती. मुक्ताच्या मांडीवर बाळ तर झकासच आलं होतं: हनुवटीला एका दिवंगत मामलेदारांची खळी, आणि कपाळावर कुणा आजोबांच्या तीन ठसठशीत आठ्या. "कशी विचारी दिसते नाही!" मुक्ता येईल त्याला सांगत होती. नव्या फोटोत स्वतःला नीट पाहिल्यावर लेलेवहिनींना कळलं की जुना दाणा आपला नसावा, आणि त्यांनी तसं मोकळेपणाने कबूल केलं.

गर्दी ओसरल्यावर रासणे फोटोसमोर उभे राहिले. बायको कशी दिसायची हे त्यांना आठवेना. ती होती, एवढं पक्कं ठाऊक होतं. यातल्या कोणाकडे तिचं काय गेलं असेल, हे शोधायला त्यांच्याकडे खूणच उरली नव्हती. त्यांना फार वाईट वाटलं. कशाचं, ते नेमकं सांगता येईना, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तिथून निघून ते युनूस मिस्त्रीच्या दुकानापाशी आले. युनूस पंक्चर काढतो, मिशा झुपकेदार, आवाज घोगरा. गिऱ्हाईक नसल्यामुळे तो बाकावर पेपर वाचत होता. रासण्यांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली, चुना लावला आणि मळायला सुरुवात केली.

युनूसने चष्मा नाकावर घसरू दिला आणि खालचा ओठ किंचित आत घेऊन चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

रासण्यांचा अंगठा थांबला.

"एवढी एकच," ते म्हणाले.

युनूस बघतच राहिला.

"बरं, बरं. टाकतो." रासण्यांनी तंबाखू गटारात झटकली आणि हात धोतराला पुसले.

"मी काही बोललो का, रासणे?" युनूसने विचारलं.

"नाही."

"मग?"

"कुठे काय," रासणे म्हणाले. घरी जायची वेळ झाली होती, पण ते गेले नाहीत. "तू वाच," असं म्हणून ते बाकावर त्याच्या शेजारी जरा सरकून बसले.