नियम सतरा आणि दोन भाकऱ्या

नियम लिहिण्यात माझा हात धरणारा अख्ख्या अंबरनाथात कोणी नव्हता! बटणांच्या कारखान्यात मी हेडक्लार्क. गेटपासून मोरीपर्यंतचे सोळा नियम माझेच, आणि आमच्या सौभाग्यवती मालिनीबाईंच्या सुवाच्य अक्षरात भिंतीला चिकटवलेले. त्रेपन्न साली मी सतरावा काढला: 'कारखान्यातील स्त्री व पुरुष यांच्यात प्रेम आढळल्यास स्त्रीस कामावरून कमी करण्यात येईल.'

उल्हासनगरच्या कॅम्पातून सायकलवर येणारे आमचे हशमतराय शेठ जरा घुटमळले.

"साईं, औरत को ही क्यूं?"

"शेठ, शिकलेला मशीनवाला परत मिळत नाही. पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर बटणं टाकणाऱ्या बाया हव्या तितक्या मिळतात!"

"और प्यार है, ये मालूम कैसे पडेगा?"

"लक्षणं असतात ना! दुसऱ्यासाठी घास काढून ठेवणं, चोरून बघणं, तो आला की हसणं. माझ्या नजरेतून सुटायचं नाही!"

सुटलं नाहीच. आठवड्यात सापडलं! पॅकिंगमध्ये नवीच लागलेली मांजर्ली गावची अंजनी रोज दहाच्या सुट्टीत फडक्यात दोन भाकऱ्या बांधून मशीनखात्याच्या खिडकीत ठेवायची. आत माणसं सात. भाकऱ्या उचलतो कोण, ते काही दिसेना. मग मी शेठसमोर रीतसर चौकशी लावली.

"भाकऱ्या कोणासाठी?"

"त्यांच्यासाठी."

"त्यांच्या म्हणजे कोणाच्या? नाव सांग!"

अंजनीने मान खाली घातली आणि चक्क लाजली. मी विजयी मुद्रेने शेठकडे पाहिलं. "नाव लपवतेय. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"क्लार्कसायेब, मला काढू नका," ती कळवळून म्हणाली. "औंदा पुराच्या पान्यात भात कुजला. घरची चूल ह्याच रोजावर पेटते."

"मग नाव सांग!"

पुन्हा मान खाली. शेवटी पॅकिंगची मुकादम बनूबाई पुढे झाली.

"आवो भाऊसायेब, नवऱ्याचं नाव बाई कशी घेईल?"

"नवरा? आणि गळ्यात मंगळसूत्र नाही ते?"

"तुमचाच नियम नऊ! मशीनच्या पट्ट्यात अडकतंय म्हनून समद्यांची मंगळसूत्रं गेटवर डब्यात ठेवाया लावता. तिचंबी थितंच हाय."

शेठ खो खो हसायला लागले. पण मी कसला ऐकतोय! "ते काही असो. रजिस्टरात नाव पाहिजे!"

बनूबाईने कोपराने ढोसलं आणि अंजनीने भर चौकशीत उखाणा घेतला:

"चार भोकांच्या बटणाला दोरा लावते दुहेरी,
आनंदरावांच्या फडक्यात माझ्या हातची न्याहारी!"

मी तो जसाच्या तसा उतरवून घेतला. काय करणार, जबाब होता!

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण सतराव्या नियमाचा मला भारी अभिमान. "शेठ, नियमात नवरा-बायको वगळलेले नाहीत. प्रेम आहे की नाही, एवढंच बघायचं!"

आनंदाला बोलावलं. तो तेलाचे हात पुसत आला.

"बीवी से प्यार है?" शेठनी विचारलं.

आनंदाने भिंतीवरचा नियम पाहिला, मग बायकोकडे पाहिलं. तिची नोकरी वाचवायची होती बिचाऱ्याला.

"न्हाय शेठ. अजिबात न्हाय!"

अंजनीची मान झटक्यात वर आली. "अजिबात?"

"अगं, तुझ्याच कामासाठी..."

"लगीन झाल्यापासनं तीन महिने पहाटे उठून भाकऱ्या थापते, आनि अजिबात न्हाय?" तिचे डोळे भरले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "क्लार्कसायेब, लिवा. ह्यांचं नसंल, माझं हाय. काढा मला!"

खरं सांगतो, मला पेन उचलवेना. एवढ्यात बनूबाई गरजली, "माझंबी लिवा! गेटवरच्या आमच्या म्हाताऱ्याला तीस वर्सं भाकर घालते मी!"

दारात अख्खं पॅकिंगखातं जमलं होतं. "माझंबी लिवा! माझंबी!" ज्यांचे नवरे कारखान्यात नव्हते, त्याही ओरडत होत्या!

शेठनी कपाळावर हात मारला. "साईं, सबको निकालूंगा तो बटन क्या तुम टांकोगे? कल सुबह तक ये ठीक करो!"

घरी येऊन जेवलो आणि मालिनीपुढे नवा मसुदा ठेवला: 'पती-पत्नींत प्रेम आढळल्यास कारवाई होणार नाही.' तिने टाक दौतीत बुडवला आणि थांबली.

"अहो, आढळलं हे ओळखायचं कशावरून?"

मी ऐटीत लक्षणं सांगितली. घास काढून ठेवणं, चोरून बघणं, आला की हसणं.

तिने माझ्या चाटूनपुसून साफ केलेल्या ताटाकडे पाहिलं, मग उसळीच्या रिकाम्या पातेल्याकडे. तिचं जेवण अजून व्हायचं होतं.

"मग मला लावा की तुमच्या कारखान्यात," ती म्हणाली. "जुनाच नियम राहू द्या. आपल्या दोघांकडे बघून मला काही कोणी काढायचं नाही!"

त्या दिवसापासून मी पातेल्यात उसळ ठेवतो. चोरून बघतोही. ती अजून हसलेली नाही. चौकशी चालू आहे.