स्वयंपाकघरातली मोटार

सांगलीच्या शिवप्रभा सोसायटीत धुण्याभांड्याला येणाऱ्या प्रत्येक बाईकडे स्वतःची मोटार असलीच पाहिजे, असा ठराव एकमतानं मंजूर झाला, तेव्हा शेवंता लोखंडेनं एकच प्रश्न विचारला. मोटार चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवायची, की आत घेऊन यायची?

प्रश्न रास्त होता. सेक्रेटरी हणमसागर यांची मुलगी परदेशी असते. तिच्याकडे फरशी पुसायला येणारी बाई स्वतःची मोटार घेऊन येते आणि वर्षात एक खाडा करत नाही, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. मोटार असली की खाडे होत नाहीत, हे समितीला तिथल्या तिथे पटलं. मोटार त्यात नेमकं काय करते, हे विचारायचं तेवढं राहून गेलं. शेवंताच्या प्रश्नावर हणमसागरांनी दोन दिवस विचार केला आणि लेखी उत्तर दिलं: 'ठरावात कामासाठी मोटार असे शब्द आहेत. सबब मोटार कामाच्या जागी हजर असावी. काम स्वयंपाकघरात असल्यास स्वयंपाकघरात.' खाली सही, शिक्का आणि मुदत. एक तारखेपर्यंत मोटार आली नाही, तर दुसरी बाई बघण्यात येईल.

शेवंता तिसऱ्या मजल्यावर उपळेकर बाईंकडे चौदा वर्षं कामाला होती. बाई एकट्या राहायच्या. त्यांच्या घरातला कुठला डबा कुठे आहे हे बाईंपेक्षा शेवंताला जास्त ठाऊक होतं. हे घर सुटावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. पण खरं सांगायचं तर घाबरण्यापेक्षा तिला उत्सुकताच जास्त होती. स्वभावच चौकस. स्वयंपाकघरात मोटार कशी दिसते, हे तिला एकदा बघायचंच होतं.

तिच्या दिराचं, म्हादूचं, कुपवाडला भंगाराचं दुकान होतं. तिथे एक पांढरी मोटार बरेच दिवस पडून होती.

"वैनी, हिला इंजिन न्हाई," म्हादू म्हणाला.

"ठरावात इंजिन म्हणलेलं न्हाई," शेवंता म्हणाली.

मग काय, दोघांनी मिळून मोटार ढकलत सोसायटीच्या फाटकापर्यंत आणली. कामवाल्या बायकांसाठी आणि कचऱ्यासाठी जी मागची लिफ्ट आहे तिनं ती वर नेली. वॉचमन आप्पानं उपळेकरांचं दार मोजलं, ते तीन फूट भरलं. मोटार मोजली, ती पावणेपाच भरली. दोन्ही आकडे त्यानं रजिस्टरात लिहिले.

"जायची न्हाई गं," तो म्हणाला.

"मग दिवाण कसा गेला हुता?" शेवंतानं विचारलं. आप्पानं रजिस्टर मिटलं. आधी मोटार तिरकी केली, मग पुढचा एक कोपरा आत घातला, मग जरा उचलून वळवली. मोटार आत गेली. उजवीकडचा आरसा चौकटीला घासला, तेवढंच.

ओटा आणि फ्रिज यांच्यामध्ये ती बरोबर बसली. उपळेकर बाईंनी आधी नाक मुरडलं, पण दुसऱ्याच दिवशी बॉनेटवर कोथिंबीर निवडायला घेतली. शेवंतानं मोटारीभोवतीनं केर काढला, मोटारीखालून फरशी पुसली आणि नेहमीसारखं अकराला दोन कप आधण ठेवलं.

चहाची त्या घरची पद्धत अशी होती: बाई टेबलाशी खुर्चीवर बसून कपबशीतून प्यायच्या, आणि शेवंता मोरीच्या उंबऱ्यापाशी खाली बसून, खिडकीतल्या तिच्या वेगळ्या स्टीलच्या पेल्यातून. कोणी कोणाला तसं सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी झालं आणि चौदा वर्षं चाललं. चौदा वर्षांत त्या घरातल्या कुठल्याही आसनाला शेवंताची पाठ टेकली नव्हती. याचं तिला वाईट वाटायचं, अगदी रोज वाटायचं. पण रोजच वाटणाऱ्या गोष्टीचा बोभाटा करायचा कसा?

त्या दिवशी पेला हातात घेऊन ती मोरीकडे निघाली आणि मध्येच थांबली. मोटार तिची. मोटारीतली सीट कुणाची?

तिनं दार उघडलं, आत बसली, पाठ टेकली आणि चहा प्यायली.

उपळेकर बाई बघत राहिल्या. ऊठ म्हणावं, तर ती काही त्यांच्या खुर्चीवर बसली नव्हती. संध्याकाळी त्यांनी हणमसागरांना फोन केला. "ती बसते हो," एवढंच त्या म्हणाल्या. मोटारी आता घरोघरी आल्या होत्या आणि तक्रार सगळ्याच घरांतून आली होती. बी विंगमधली एक बाई तर काच वर करून चहा पीत होती. समितीनं कायदा तपासला. मोटारीच्या आतली जागा बाईच्या मालकीची असून तिथे तिनं कसं बसावं हे घरमालकाला सांगता येत नाही, असं निघालं. उपाय एकच होता. ठराव रद्द करणं. रविवारी पाच वाजता सभा ठरली. समितीवर सातजण. तिघं रद्द करा म्हणत होते, तिघं खाडे होत नाहीत म्हणून राहू द्या म्हणत होते. सातव्या उपळेकर बाई.

रविवारी साडेचारला शेवंता सीटवर बसली होती. तिनं सरळच विचारलं.

"ताई, उद्यापासनं मी परत खाली बसायचं का?"

बाई उठल्या. मग त्या कपबशी घेऊन मोटारीला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि काचेतून डोकावल्या.

"काय दिसतं गं तुला तिथून?"

"तुमचा फ्रिज. वरची फळी. आणि तुमी."

"मी कशी दिसते?"

शेवंतानं नीट बघितलं. "उभ्या असल्यागत," ती म्हणाली.

उपळेकर बाईंनी काचेवर टकटक केली. "येऊ का आत?"

असं त्या घरात शेवंताला कोणी कधी विचारलं नव्हतं. तिला दाराची कडी लवकर सापडेना. शेवटी दार उघडलं. बाई पदर सावरून शेजारच्या सीटवर बसल्या. समोरच्या काचेतून त्यांनी आपलं स्वयंपाकघर बघितलं. किती लांब वाटतं, म्हणाल्या.

"ताई, पट्टा लावा," शेवंता म्हणाली.

बाईंनी पट्टा लावला.

पाच वाजून दहा मिनिटांनी हणमसागरांचा फोन आला. सगळे जमलेत, तुमच्या मतासाठी खोळंबलोय, म्हणाले.

"मी गाडीत आहे," उपळेकर बाई म्हणाल्या. "आत्ता नाही बोलता येणार."

हणमसागर शिष्टाचार पाळणारे गृहस्थ. त्यांनी ताबडतोब फोन ठेवला आणि कार्यवृत्तात नोंद केली: 'श्रीमती उपळेकर प्रवासात असल्याने अनुपस्थित. मते समसमान. ठराव कायम.'

पुढच्या सहाही सभांच्या वेळी त्या प्रवासातच होत्या.